खोकल्यानंतरचा शब्द

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

कॉम्प्रेसर म्हटलं की आपल्याला घरातला फ्रीज आठवतो. नाहीतर निपाणीहून बेळगावला येताना हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात धडधडणारं हवेचं यंत्र. तिसरा एक कॉम्प्रेसर असतो, तो आवाजाचा. त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. पण आजोबांनी ऐकलेल्या रेडिओपासून नातवंडांच्या मोबाईलपर्यंत जवळपास प्रत्येक गाणं त्याच्या हाताखालून गेलेलं आहे. आज त्याचा इतिहास सांगतो, आणि तो निपाणीच्या एका बाईच्या आवाजापर्यंत कसा येऊन पोचला तेही सांगतो.

मी मूळचा निपाणीचा. आता बेळगावात वडगावला राहतो. घरातल्या मागच्या खोलीत छोटा स्टुडिओ आहे. भजनी मंडळांची भजनं, गणपतीची गाणी, नाटकाचं पार्श्वसंगीत, जे येईल ते रेकॉर्ड करतो आणि मिक्सिंग करून देतो. आजूबाजूला माग चालतात, म्हणून रेकॉर्डिंग बहुतेक रात्रीचं. त्याआधी चार वर्षं मुंबईत एका स्टुडिओत मदतनीस होतो. जी जुनी यंत्रं आता फोटोत दिसतात, त्यातली दोन-तीन तिथं रॅकमध्ये बसवलेली होती. त्यांची धूळ पुसायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं ती जवळून बघता आली.

आधी कॉम्प्रेसर करतो काय ते सांगतो. आई गॅसवर दूध ठेवते आणि भाजी चिरत उभी राहते. दूध वर यायला लागलं की गॅस बारीक करते, खाली बसलं की पुन्हा मोठा करते. पातेल्याच्या काठाखाली तिनं मनाशी धरलेली जी रेघ असते, तिला आमच्या धंद्यात थ्रेशोल्ड म्हणतात. गॅस किती बारीक करायचा ते प्रमाण म्हणजे रेशो. हात किती चटकन जातो तो अटॅक, आणि दूध बसल्यावर गॅस किती सावकाश मोठा होतो तो रिलीज. चारास एक असा रेशो ठेवला, तर रेघेच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज बाहेर येताना २ डेसिबलच वर राहतो. मोठे आवाज असे आवरले की मग सगळंच थोडं वर उचलता येतं, आणि हळू म्हटलेले शब्द ऐकू यायला लागतात. काम एवढंच. फरक इतकाच की आई पातेल्यात काय आहे ते बघत असते. यंत्राला दूध आहे की पाणी ते कळत नाही, वर आलं एवढंच कळतं. हा फरक पुढं फार महत्त्वाचा ठरतो.

यंत्र यायच्या आधी हे काम माणूस स्वतःच करायचा. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग कोलकात्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानं मोठ्या कर्ण्यासमोर तोंड धरून गायचं, त्या आवाजानं सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जायची. तान वर चढली की गाणाऱ्यानं मागं सरकायचं, खाली उतरली की पुढं यायचं. नाहीतर मोठ्या सुरावर रेघ फाटायची आणि हळू सूर मेणावर उमटायचाच नाही. पट्टीचे गवय्ये हे अंगात मुरवून घ्यायचे.

१९२४ हे साल आपल्या बेळगावकरांना पाठ असतं. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्या अधिवेशनात स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींमध्ये गंगूबाई हनगल होत्या, वय वर्षं अकरा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेळगावजवळ सुळेभावीला शिवपुत्र कोमकाळीमठ हा मुलगा जन्मला, तेच आपले कुमार गंधर्व. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, परदेशात मायक्रोफोन आणि विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. ते थोड्याच वर्षांत आपल्याकडंही आलं. कर्ण्यापुढं पुढं-मागं सरकायची गरज संपली, आणि आवाज आवरायचं काम हळूहळू गाणाऱ्याच्या मानेकडून यंत्राकडं गेलं.

पहिला खरा रेटा रेडिओनं दिला. ट्रान्समीटरला एक मर्यादा असते. तिच्यापलीकडं आवाज गेला की तो फाटतो आणि शेजारच्या स्टेशनातही घुसतो. म्हणून १९३७ च्या सुमारास अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनं आवाज आपोआप आवरणारं यंत्र काढलं. तिथून जगभर रेडिओ स्टेशनांत आवाज हवेत सोडण्याआधी त्याला लगाम घालायची पद्धत पडली. आपल्याकडं १९५० साली धारवाडची आकाशवाणी सुरू झाली, १९६३ साली सांगलीची. मधे १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. निपाणीच्या आमच्या घरात एकाच रेडिओवर धारवाड लावलं की कानडी आणि सांगली लावलं की मराठी. आजी कानडी बातम्या ऐकून मराठीत सांगायची. दोन्हीकडचे निवेदक तेवढ्याच खणखणीत, सारख्या आवाजात बोलायचे. लहानपणी मला वाटायचं, रेडिओवरची माणसं घरीसुद्धा अशीच बोलत असणार.

आता ती यंत्रं, ज्यांची नक्कल आज कॉम्प्युटरवर विकली जाते. तिघांची ओळख करून देतो.

पहिलं फेअरचाइल्ड ६७०. १९५९ च्या आसपासचं, मूळचे एस्टोनियाचे राइन नार्मा या इंजिनियरनं रचलेलं. आत २० व्हॉल्व्ह, १४ ट्रान्सफॉर्मर, वजन तीसेक किलो. ते मुळात तबकड्या कापण्यासाठी केलेलं होतं, म्हणजे मोठ्या आवाजानं सुई शेजारच्या रेघेत घुसू नये म्हणून.

दुसरं एलए-२ए. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या टेलेट्रॉनिक्स कंपनीच्या जिम लॉरेन्स यांनी केलं. याची गंमत बघा. आवाज आत आला की यंत्रातली एक बारीक पट्टी उजळते. आवाज मोठा, तेवढा उजेड जास्त. समोर एक तुकडा असतो, उजेड पडला की त्यातून वीज जास्त सहज वाहते आणि तेवढा आवाज खाली येतो. म्हणजे आवाज स्वतःच दिवा लावतो आणि त्याच उजेडानं स्वतःला आवरतो. उन्हातून घरात आलं की क्षणभर सगळं काळं दिसतं, मग हळूहळू माजघरातली भांडी दिसायला लागतात. त्या तुकड्याचंही तसंच. दबलेला आवाज अर्धा वर यायला साधारण ६० मिलिसेकंद लागतात, पण उरलेला अर्धा यायला अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत वेळ जातो. जितका मोठा आणि लांब आवाज, तितका तो उजेड विसरायला वेळ लागतो. या यंत्राला मोजून दोन मुख्य खुंट्या, अटॅक-रिलीजची खुंटीच नाही. गळ्यावरच्या गाण्याला हे फार मानवतं, कारण त्याचं वागणं गाणाऱ्याच्या श्वासाशी जुळतं.

तिसरं ११७६. बिल पुटनम यांचं, १९६७ सालचं. यात व्हॉल्व्ह नाही, दिवा नाही, ट्रान्झिस्टर आहे. याचा हात विजेसारखा चालतो. अटॅक २० मायक्रोसेकंदांपासून ८०० मायक्रोसेकंदांपर्यंत, म्हणजे सगळ्यात सावकाश ठेवला तरी एका मिलिसेकंदाच्या आत. ढोलकीची थाप, ताशाची काडी, शाहिराची आरोळी असं काही पकडायचं तर हे.

ही यंत्रं महाग. आमच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात कुणाकडं ती असल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्याकडं गणपतीत अहुजाचा ॲम्प्लिफायर आणि झाडाला बांधलेले कर्णे. पण एक कॉम्प्रेसर मात्र आपल्या जवळपास प्रत्येक घरात येऊन बसला होता आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. तो टू-इन-वनमध्ये होता.

फिलिप्सची कॅसेट १९६३ सालची. आपल्याकडं ती घरोघर पोचली १९८० च्या दशकात. कुणी आखाताहून येताना टू-इन-वन आणला, कुणी मुंबईच्या पाहुण्यांकडून मागवला. रेकॉर्डचं लाल बटण दाबलं की काम झालं, आवाज किती घ्यायचा याची खुंटीच नसायची. ते काम आतलं एक सर्किट आपोआप करायचं. मोठा आवाज आला की खाली दाबायचं, शांत झालं की वर ओढायचं. तुमच्या घरातली जुनी कॅसेट लावून बघा. आजोबा बोलायचे थांबले की पंख्याचा, रस्त्याचा, पावसाचा आवाज हळूहळू मोठा होत जातो, आणि आजोबांनी पुन्हा तोंड उघडलं की एकदम मागं जातो. तो पंखा मोठा झालेला नसतो. तो आतला कॉम्प्रेसर असतो.

म्हणजे आपल्या पिढीच्या सगळ्या घरगुती कॅसेटा आधीच एकदा दाबून झालेल्या आहेत, तेही ओबडधोबड हातानं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण आता आत्याच्या कॅसेटकडं येतो.

माझी थोरली आत्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. त्या वखारींबद्दल नव्या पिढीला फार ठाऊक नसतं, म्हणून दोन ओळी. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची पेठ. वखारीत तंबाखू कुटायचं, चाळायचं, निवडायचं काम हजारो बायका करायच्या. हवेत पूड, दारं बंद, पदर नाकाला. १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं या बायकांची संघटना उभी राहिली. युगांतर या बायकांच्या चित्रपटगटानं १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला, त्यात त्या बायका स्वतःच्या तोंडानं बोलतात. दीपा धनराज त्या गटातल्या. बर्लिनच्या आर्सेनल संस्थेनं पुढं या गटाच्या चित्रपटांचं जतन केलं. माझी आत्या त्यात दिसत नाही, पण तिच्यासारख्या कितीतरी दिसतात.

१९८७ साली आमच्या घरात लग्न होतं. हळद दळायला जातं मांडलेलं. काका नुकतेच मस्कतहून आले होते, त्यांनी नवा टू-इन-वन जात्याशेजारी पाटावर ठेवला आणि लाल बटण दाबलं. आत्या आणि धाकटी आत्या जात्यावर बसून ओव्या म्हणत होत्या. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. थोरल्या आत्याचा आवाज असलेली घरातली ही एकच वस्तू.

गेल्या वर्षी आत्याच्या पणतीचं लग्न ठरलं आणि आतेभाऊ कॅसेट घेऊन माझ्याकडं आला. म्हणाला, हळदीच्या दिवशी मंगल कार्यालयात हा आवाज लावायचाय. त्याच्या दोन मागण्या होत्या. "आवाज मोठा कर. आणि ते खोकणं तेवढं काढून टाक."

चौथ्या मिनिटाला आत्या खोकते. वखारीतला खोकला, खोल, तीन-चार उबळी. मग श्वास घेते आणि ओवी जिथं तुटली होती तिथून पुढं उचलते. ओवीत भावाचं नाव गुंफायची आपल्या बायकांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. खोकल्यानंतरचा पहिला शब्द ते नाव आहे. ते माझ्या वडिलांचं नाव. आणि कॅसेटवर ते जवळजवळ ऐकूच येत नाही.

का, ते आलेखावर बघितल्यावर कळलं. खोकल्यानं टू-इन-वनच्या त्या सर्किटला दणका दिला आणि त्यानं सगळंच खाली दाबलं. जात्याची घरघर त्या क्षणी ९ डेसिबलनं खाली जाते आणि मग दोनेक सेकंदांत हळूहळू पूर्ववत होते. जातं तर एकाच लयीत फिरत होतं. त्या दोन सेकंदांच्या खड्ड्यात नेमकं नाव पडलेलं.

आता कॉम्प्युटरवरच्या नकलांबद्दल. १९९० च्या दशकात आवाजाचं काम कॉम्प्युटरवर यायला लागलं. १९९९ साली बिल पुटनम यांच्या मुलांनी वडिलांची युनिव्हर्सल ऑडिओ कंपनी पुन्हा उभी केली, आणि पुढच्या काही वर्षांत एलए-२ए आणि ११७६ सॉफ्टवेअरच्या रूपात मिळायला लागले. वेव्हज आणि इतर कंपन्यांनीही केले. आज तर काही चांगल्या नकला फुकट मिळतात. यालाच प्लगइन म्हणतात. करणारे लोक मूळ यंत्राचं सर्किट भागाभागानं गणितात उतरवतात. दिवा किती वेळात उजळतो, तुकडा किती वेळ उजेड धरून ठेवतो, व्हॉल्व्हमधून जाताना सुराला कुठले बारीक उपस्वर चिकटतात, हे सगळं मोजून. पडद्यावर तेच चित्र, त्याच खुंट्या, तोच हलणारा काटा. मुंबईत मी ज्याची धूळ पुसत होतो ते यंत्र आता वडगावच्या खोलीत लॅपटॉपवर उघडतं, याचं मला अजून नवल वाटतं.

या नकला वापरताना दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली म्हणजे, मूळ यंत्रं ज्या पातळीच्या आवाजासाठी बनलेली होती, त्याच पातळीचा आवाज नकलेला द्यायचा. जुन्या काट्यावरचा शून्य म्हणजे कॉम्प्युटरवर साधारण उणे १८ डेसिबल, असा हिशेब बहुतेक प्लगइनांत धरलेला असतो. नवशिकी मुलं शून्याला टेकलेला आवाज आत ढकलतात आणि मग म्हणतात यंत्र गळा आवळतंय. दुसरी गोष्ट, कॉम्प्रेसर लावल्यावर आवाज वर उचलला जातो आणि आपल्या कानाला मोठं ते गोड वाटतं. म्हणून आधीचा आणि नंतरचा आवाज सारख्याच पातळीला आणून, डोळे मिटून, आलटून-पालटून ऐकायचं. चित्र बघत ऐकलं तर सोनेरी खुंट्यांचासुद्धा गोडवा कानात उतरतो.

आत्याच्या आवाजावर मी आधी एलए-२एची नक्कल लावून बघितली. बाकी दहा मिनिटं सुरेख. ओवीची चाल सावकाश, त्या दिव्याची चालही सावकाश. पण खोकल्यावर काटा १० डेसिबल खाली गेला. दिव्याला तो उजेड विसरायला वेळ लागतोच, त्यामुळं आधीच खड्ड्यात पडलेलं नाव आणखी खोल गेलं. मग ११७६ची नक्कल लावली, रिलीज जलद ठेवला. नाव थोडं वर आलं. पण आता प्रत्येक शब्दाच्या फटीतून जातं अंगावर धावून यायला लागलं, आणि बाई गातेय त्यापेक्षा दगड गातोय असं वाटायला लागलं. दोन्ही नकला अगदी मूळ यंत्रासारख्याच वागत होत्या. त्यांना खोकला आणि नाव यातला फरक सांगणारं कुणी नव्हतं, एवढंच.

दरम्यान धाकट्या आत्याला फोन केला. ती आता ऐंशीच्या घरात आहे. आतेभावाचं म्हणणं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोकला काढलास तर ती ऱ्हाईल व्हय रे त्यात? वखारीतली कोण न खोकता गात हुती?" मग थोडं थांबून म्हणाली, "पर पोरीच्या हळदीला त्यो मोठ्यानं नको वाजवू बाबा. ती लाजायची खोकल्याला."

दोन्ही वाक्यं खरी होती. एका दाबात दोन्ही बसवणारं बटण कुठल्याच यंत्राला नाही.

शेवटी काम हातानं झालं. कॉम्प्रेसरच्या आधी, आलेखावर खोकल्याच्या उबळी एकेक करून ८ डेसिबलनं खाली घेतल्या. काढल्या नाहीत, शेजारच्या खोलीतून आल्यासारख्या केल्या. मग त्या दोन सेकंदांच्या खड्ड्यावर उलटी रेघ ओढली. टू-इन-वननं जिथं जितकं दाबलं होतं, तिथं तितकंच उचललं, सुरुवातीला ९ आणि पुढं कमी कमी करत शून्य. जात्याची लय पुन्हा एकसारखी झाली, म्हणजे उचल बरोबर बसली याचा पुरावा जात्यानंच दिला. ८० हर्ट्झच्या खालची घरघर थोडी कमी केली, नाहीतर दगडाच्या वजनानंच कॉम्प्रेसर हलत राहतो. आणि सगळ्यात शेवटी एलए-२एची नक्कल, काटा २ डेसिबल, फार तर ३. आधीच एकदा दाबलेल्या आवाजाला त्याहून जास्त दाबलं की श्वास मरतो.

नाव ऐकू आलं. थोडं दमलेलं आहे, पण स्पष्ट आहे. माझे वडील जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांना त्यांच्या बहिणीनं ओवीत कसं बोलावलं होतं, ते मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

दोन प्रती केल्या. एक मंगल कार्यालयासाठी, थोडी जास्त आवरून, मोठी करून. तिथं पाचशे माणसांच्या गलक्यात आणि डीजेच्या स्पीकरवर नाजूकपणा टिकत नाही. त्यात खोकला अगदी पुसट ठेवला. दुसरी घरात बसून ऐकायची, तिच्यात खोकला आहे, श्वास आहे, मधेच धाकटी आत्या हसते तेही आहे. आतेभावानं दोन्ही नेल्या. हळदीला पहिली वाजली. दुसरी त्याच्या मोबाईलमध्ये आहे, हे त्याच्या मुलानं मला सांगितलं.

या निमित्तानं एक गोष्ट मनात पक्की झाली. आपल्याकडचं गाणं मोठ्या आणि हळू आवाजाच्या अंतरावर उभं आहे. कुमार गंधर्वांना क्षयानं गाठलं, एक फुप्फुस निकामी झालं. देवासला बरीच वर्षं अंथरुणावर काढून ते पुन्हा गायला उभे राहिले, ते छोट्या छोट्या श्वासांचं गाणं घेऊन. एकदम उसळणारा सूर आणि लगेच कुजबुजीएवढा हळू सूर. ते अंतर दाबून सपाट केलं तर हाती काय राहील? आत्याचंही फुप्फुस तंबाखूनं खाल्लेलं. दोघांची गाण्यात तुलना करायची नाही, पण दोघांच्याही गाण्याला आकार त्यांच्या श्वासानं दिलेला आहे. फुकटचा प्लगइन असो की लाखाचं यंत्र, चालवणाऱ्याला तो श्वास कुठं आहे ते आधी माहीत पाहिजे.

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रात गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा करून घेतल्या. ते मोठं काम आज पारीच्या संग्रहात कुणालाही ऐकता-वाचता येतं. पण प्रत्येक घरातल्या कॅसेटपर्यंत कुठलाच संग्रह पोचणार नाही. ते आपल्यालाच करायचंय. म्हणून शेवटी कामाच्या चार गोष्टी सांगतो.

एक, कॅसेट माळ्यावरून आजच खाली काढा. आपल्याकडच्या पावसात टेपला बुरशी धरते. टेपवर पांढरी पूड दिसली तर घरच्या प्लेअरमध्ये घालू नका, जाणकाराकडं द्या.

दोन, वाजवण्याआधी प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या. आवाज घुसमटलेला वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू जाणकाराकडून जुळवून घ्या. कितीदा तरी टेप चांगली असते, हेड तिरकं असतं.

तीन, कॉम्प्युटरवर घेताना २४ बिटमध्ये घ्या आणि ती पहिली प्रत जशी आहे तशी ठेवा. तिला कॉम्प्रेसर नको, खरखर काढायचं सॉफ्टवेअर नको, काही नको. सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर. उद्या याहून चांगली साधनं येतील, तेव्हा मूळ आवाज लागेल. मोबाईलवर रेकॉर्ड करणार असाल तर आवाज आपोआप आवरायची सोय बंद करता येणारं ॲप वापरा, नाहीतर तोच टू-इन-वनचा खड्डा पुन्हा पडेल.

चार, आवाज कुणाचा, साल कुठलं, कुठल्या घरात, कशाच्या निमित्तानं, हे ओळखणारं माणूस हयात आहे तोवर लिहून घ्या. आमच्या कॅसेटवर काकांच्या अक्षरात फक्त "हळद" लिहिलेलं होतं. बाकी सगळं धाकट्या आत्याकडून मिळालं.

तुमच्या घरात अशी कॅसेट असेल तर खाली लिहा. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, खानापूर, बेळगाव, कुठलीही असो. मराठी असो, कानडी असो, नाहीतर आपल्या आज्या बोलायच्या तसं दोन्ही एकत्र असो. प्लेअर माझ्याकडं आहे आणि रात्री दहानंतर माग थांबतात.